दाण्याविना संक्रांत

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

यंदाच्या संक्रांतीचं सगळं गोड घरातच करायचं, असं आज सूनबाईचं आणि माझं ठरलं. तिळगूळ, हलवा, शाळेत वाटायच्या गोळ्या, सगळंच. नातू चार वर्षांचा आहे. त्याला शेंगदाणा आणि काजू यांची अ‍ॅलर्जी आहे. गेल्या पावसाळ्यात कुणीतरी प्रेमानं हातावर ठेवलेल्या चिक्कीच्या एका तुकड्यानं त्याचे ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या आणि श्वासाला घरघर लागली. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून निभावलं.

तेव्हापासून दाण्याचं कूट आमच्या घरातून गेलं. मराठी स्वयंपाकघरातून दाणा जाणं म्हणजे काय, हे ज्याचं गेलं त्यालाच कळतं. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, अळूचं फदफदं, पंचामृत, सुकी चटणी; जिथे हात घालावा तिथे दाणा. रोजच्या जेवणाचं आम्ही निभावून नेलं, पण संक्रांत हा सणच तीळ, गूळ आणि दाणे यांचा. शिवाय या सणाला गोड पदार्थ ताटात वाढत नाहीत, हातावर ठेवतात. दारोदार जाऊन मोठ्यांच्या हातून घ्यायचा खाऊ आहे हा.

नातवासाठी एक वेगळी डबी करायची आणि बाकीच्यांसाठी नेहमीचं, हा सोपा मार्ग होता. सूनबाई म्हणाली, ‘‘आई, वेगळी डबी कधीतरी बदलली जाते. चमचा एकाच्यातून दुसऱ्यात जातो.’’ तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. माझं आणखी एक कारण आहे. सणाच्या दिवशी ज्या मुलाची डबी वेगळी, त्याला आपण वेगळे आहोत हे रोज नव्यानं शिकावं लागतं. म्हणून घाणा एकच घालायचा आणि त्यातलंच सगळ्यांनी खायचं.

३ जानेवारी, शनिवार

मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आज त्याचा उपयोग करून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवायला एक तक्ता केला. डॉक्टरांनी दिलेल्या यादीला कुळांची जोड दिली, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ‘हे का’ ते कळेल.

शेंगदाणा हा मुळात कठीण कवचाच्या फळांतला नव्हेच. तो शेंगवर्गीय, म्हणजे हरभरा, तूर, वाटाणा यांचा भाऊबंद. फुलल्यानंतर त्याची शेंग जमिनीत शिरून वाढते एवढाच फरक. तरीही शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली बहुतेक मुलं वरण-भात, पिठलं सुखानं खातात. आमचाही खातो.

काजूची गोष्ट वेगळी. काजू आणि पिस्ता एकाच कुळातले, आणि त्यांची प्रथिनं इतकी सारखी की एकाची अ‍ॅलर्जी असली तर दुसऱ्याचीही बहुधा असतेच. आंबा याच कुळातला. बिब्बाही त्यातलाच, आणि डिंकाच्या लाडवात घालतो ती गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. श्रीखंडावर पेरतो ती चारोळीसुद्धा याच कुळातली. आंबा नातू लहानपणापासून खात आला आहे. पिस्ता, चारोळी आणि गोडंबी यांवर मात्र डॉक्टरांनी काट मारली आहे.

नारळाबद्दल घरात वाद झाला होता. नारळ हे ताडकुळातलं फळ. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅलर्जीसाठी जाहीर करायच्या कठीण कवचाच्या फळांच्या यादीतून त्याला काढून टाकलं. नातवाला खोबरं चालतं, हे डॉक्टरांनी तपासलंच आहे. जायफळ ही बी आहे, शिंगाडा हे पाण्यातल्या वनस्पतीचं फळ. दोन्हींचा काजू-बदामाशी संबंध नाही.

आता राहिले तीळ, म्हणजे संक्रांतीचा प्राणच. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना तिळाचीही असते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून वेष्टनावर तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला तो तिळाच्या अ‍ॅलर्जीच्या धोक्यामुळे. आमच्या नातवाला डॉक्टरांनी दवाखान्यात समोर बसवून, थोडे थोडे वाढवत तीळ खायला घातले, वाट पाहिली आणि मगच हिरवा कंदील दिला. तक्त्याच्या तळाशी मी ठळक लिहिलं आहे: ‘ही यादी आपल्या बाळाची आहे. दुसऱ्याच्या बाळाची यादी त्याचे डॉक्टर ठरवतील.’

५ जानेवारी, सोमवार

सामान आणायला गेले. भुसार मालाच्या दुकानात तिळाच्या पोत्याला लागून शेंगदाण्याचं पोतं होतं आणि दोन्हींत एकच मापटं फिरत होतं. दुकानदाराचं त्यात काही चुकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे. पण आमच्यासारख्या घराला सुटे तीळ नकोत. बंद पाकिटातले गावरान तीळ घेतले, मागची बारीक अक्षरं भिंगातून वाचून.

ही बारीक अक्षरं वाचायची सवय प्रत्येक घराला लागली पाहिजे. आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या वेष्टन-नियमांत अ‍ॅलर्जी आणणारे आठ गट दिले आहेत: ग्लुटेन असलेली तृणधान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाबाहेरचं सल्फाइट. यातलं काही पदार्थात असेल तर ते वेगळं जाहीर करायचं. या यादीत तीळ नाहीत, म्हणून तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी घटकांची पूर्ण यादी वाचायलाच हवी. कारखान्यात त्याच यंत्रावर दाण्याचा पदार्थ होत असेल, तर अंश असू शकतो अशी एक ओळ काही वेष्टनांवर असते. ती दिसली की वस्तू खाली ठेवायची. पण ती दिसली नाही म्हणजे धोका टळला, असंही समजायचं नाही.

गोळ्या-चॉकलेटांची एक विशेष अडचण आहे. १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान वेष्टनावर घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. ती यादी मोठ्या पाकिटावर किंवा बरणीवर असते. म्हणजे शाळेत वाढदिवसाला मुलाच्या हातावर पडणारी एकटी गोळी बहुधा काहीच सांगत नाही. सूनबाईनं बालवाडीच्या बाईंना एवढंच सांगून ठेवलं आहे: ज्या खाऊचं मोठं पाकीट समोर नाही, तो त्याला द्यायचा नाही. आणि पाकीट ओळखीचं असलं तरी प्रत्येक वेळी वाचायचं, कारण कारखाना बदलतो, कृती बदलते, रंग मात्र तोच राहतो.

तेलाच्या घाण्यावरही थांबले. पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण लाकडी घाण्याच्या तेलात ती राहतात. आणि ज्या घाण्यात सकाळी शेंगदाणे, त्यात दुपारी तीळ. आरोग्यासाठी लोक घाण्याचं तेल घेतात ते योग्यच. आमच्या घरात मात्र घरच्या लोण्याचं तूप.

७ जानेवारी, बुधवार

गूळ आला. चिक्कीच्या गुळाची अख्खी ढेप मागवली, दुकानातल्या सुरीनं चिरून घेतली नाही; त्या सुरीखाली दिवसभरात काय काय येतं, कुणी सांगावं? गुळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारावी लागते. गुऱ्हाळात कढईतला रस उकळताना फसफसून वर येतो, तेव्हा फेस बसवायला त्यात थोडं तेल टाकतात, कुठे एरंडेल, कुठे शेंगदाण्याचं. माझा भाचा करवीर तालुक्यात असतो. त्याच्या ओळखीच्या गुऱ्हाळात एरंडेल वापरतात, हे त्यानं चुलवाणापाशी उभं राहून पाहिलं आणि मगच ढेप पाठवली.

आज भांडी काढली. शेंगदाण्याचं प्रथिन हट्टी असतं. भाजल्यानं किंवा पाकात उकळल्यानं ते निष्प्रभ होत नाही. उलट भाजलेला शेंगदाणा कच्च्यापेक्षा जास्त त्रासदायक ठरतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. हात नुसते पाण्यानं धुऊन भागत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २००४ साली हे तपासलं होतं: सॅनिटायझर लावलेल्या निम्म्या हातांवर शेंगदाण्याचा अंश तसाच होता, साबणानं धुतलेल्या हातांवर तो सापडला नाही. म्हणून आमचा नियम साबणाचा. लाकडी पोळपाट, जुना कलथा, भेगा पडलेलं उलथणं असं सगळं बाजूला काढलं, कारण भेगांत बसलेलं निघत नाही. मिक्सरचं भांडं त्याच्या रबरी कड्यासकट नवं घेतलं.

माझी आजी सोवळ्यानं स्वयंपाक करी. ओलेत्यानं भरलेलं पाणी, वेगळा ओटा, शिवाशिव. तिची ती शिस्त आज मला हाताशी आली. कुठल्या भांड्याला कशाचा स्पर्श झाला याचं भान ठेवणं, हात धुतल्याशिवाय डब्याला न शिवणं, हे मी तिच्याकडे पाहतच शिकले. पण तिच्या सोवळ्यानं कितीतरी माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, आणि ते मला लहानपणीही बोचायचं. आज तीच शिस्त आम्ही एका मुलाला पंगतीत आणण्यासाठी पाळतो आहोत. ती वापरायची तर अशाच कामी वापरावी.

९ जानेवारी, शुक्रवार

थंडी चांगली पडली आहे, म्हणून हलवा आजच करायला घेतला. काटेरी हलव्याला कोरडी थंडी लागते. पाकातलं पाणी भराभर उडून साखर दाण्यावर बसली पाहिजे. दमट हवेत ती नुसती चिकटते, काटा येत नाही.

बाजारच्या हलव्यात आत काय आहे, ते बाहेरून कळत नाही. तीळ असतील, खसखस असेल, साबुदाणा, वेलदोड्याचे दाणे, कलिंगडाच्या बिया. तसेच शेंगदाणे आणि काजूही. सगळे एकाच परातीत घोळवलेले, वरून सगळे पांढरेशुभ्र. घरी केला तर पोटात काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. आम्ही तीळ, साबुदाणा आणि घरीच सोलून वाळवलेल्या कलिंगडाच्या बिया घेतल्या.

कृती उतरवून ठेवते. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, म्हणजे मळी वर येते. ती काढून पाक गाळून घ्यायचा. पाक एकतारी हवा. दाट झाला तर दाणे एकमेकांना धरतात, पातळ राहिला तर बसलेली साखरही विरघळते. जाड पितळी परात अगदी मंद आचेवर ठेवायची, खाली तवा. परातीत मूठभर तीळ टाकून अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहायचं. साखर पांढरी पडून दाणे सुटे झाले की पुढचा अर्धा चमचा. आच वाढवण्याचा मोह टाळायचा. साखर पिवळी पडली की हलवा गेला.

दुपारपर्यंत तीळ फक्त पांढरे दिसत होते. संध्याकाळी त्यांना अंग आलं. काटा उद्या-परवा फुटेल. थराचा उंचवटा आधी वाळतो, नवा पाक त्याच्यावर साखर सोडून जातो आणि टोक वाढत जातं. नातू शेजारी स्टुलावर बसून होता. ‘‘आजी, हे मला चालतं?’’ त्यानं विचारलं. प्रत्येक पदार्थापुढे तो हा प्रश्न विचारतो, चार वर्षांच्या वयात. मी म्हटलं, ‘‘चालतं. तुझ्यासमोरच केलं ना?’’ त्यानं चव घेतली आणि आणखी मागितला. मला फार बरं वाटलं.

११ जानेवारी, रविवार

तिळगुळाच्या वड्या झाल्या. नेहमीच्या तिळगुळात दाण्यांचं काम चवीपुरतं नसतं. तीळ बारीक, ते पाकात एकमेकांना घट्ट बिलगतात. भरडलेले दाणे आणि डाळं मध्ये येऊन पोत मोकळा ठेवतात. दाणे नुसते काढून टाकले तर वडी दगडासारखी होते. डाळं वापरता आलं असतं, पण भट्टीत फुटाणे आणि शेंगदाणे एकाच तापल्या वाळूत भाजले जातात, म्हणून तेही नको.

यावर राजगिरा उत्तम. बंद पाकिटातला राजगिरा, जाड बुडाची कढई कडक तापवून, एका वेळी चमचाभरच. फडक्याच्या पुरचुंडीनं हलवायचं. क्षणात लाह्या फुलतात आणि लगेच उतरवायच्या, नाहीतर करपतात.

प्रमाण असं बसलं: अर्धा किलो तीळ खमंग भाजून, अर्धा किलो चिक्कीचा गूळ, दोन वाट्या राजगिऱ्याच्या लाह्या, एक वाटी भाजलेलं किसलेलं सुकं खोबरं, दोन चमचे तूप, वेलची आणि जायफळ. तूप-गूळ मंद आचेवर विरघळवून पाक वाटीभर पाण्यात थेंब टाकून पाहायचा. थेंबाची गोळी झाली आणि ती ताटलीवर आपटल्यावर टण्‌ वाजली की गॅस बंद. मग सगळं भराभर कालवून तूप लावलेल्या ताटात थापायचं आणि गरम असतानाच वड्या पाडायच्या. मुलाच्या दातांना मऊ हव्या असतील तर गोळी मऊच असताना उतरवावं.

वड्या खुसखुशीत झाल्या. मुलगा बाहेरून आला आणि उभ्या उभ्या खाऊन म्हणाला, ‘‘आई, यात दाणे नाहीत हे सांगितलं नसतंस तर कळलंही नसतं.’’

१२ जानेवारी, सोमवार

शाळेसाठी लिंबाच्या गोळ्या केल्या. उकळलेल्या साखरेची गोळी हा मुळात निर्धोक प्रकार: साखर, ग्लुकोजचा पाक, थोडा आंबटपणा, थोडा वास. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना काढला, आणि तिथल्या गोळ्या चघळत माझ्या पिढीचं बालपण गेलं. गोळीत दाण्याचं काही काम नसतं. प्रश्न असतो तो त्याच छताखाली आणखी काय बनतं याचा, आणि त्याचं उत्तर वेष्टनावर शोधावं लागतं.

घरी साखरेत निम्मं पाणी आणि दोन चमचे लिंबाचा रस घालून उकळत ठेवलं. लिंबातलं आम्ल साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फोडतं, त्यामुळे गोळी कणीदार न होता काचेसारखी राहते. तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की उतरवायचं. थर्मामीटर नसेल तर पाण्यात टाकलेला थेंब कडक होऊन काडीसारखा मोडला पाहिजे. असा पाक अंगावर उडाला तर खोल भाजतो, म्हणून या कामाच्या वेळी मुलांना स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही.

चारच्या आतल्या मुलांना कडक गोळी देऊ नये, ती घशात अडकते. वर्गातल्या लहानग्यांसाठी बाईंनी मऊ काही आणायला सांगितलं होतं. मग आलेपाक केला: आलं, साखर, थोडी साय, सगळं मऊसूत आटवून. त्याच्या वड्या छोट्या पाडल्या आणि प्रत्येक पुडीवर घटक लिहिले. आपली पुडी बोलकी असावी.

१३ जानेवारी, भोगी

बाजरीची भाकरी आणि भोगीची मिसळीची भाजी: वांगी, गाजर, ओले हरभरे, पावटे, बोरं, वर तीळ. शेंगदाण्याऐवजी तिळाचं कूट जास्त घातलं. भाजी दाट झाली, चवीला कुठे उणी नाही.

दुपारी डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद सगळ्यांनी पुन्हा वाचला. सणाच्या दिवसांत तो दाराजवळच्या खुंटीवरच्या पिशवीत असतो, औषधासकट. ओठ सुजणं, आवाज बसणं, श्वास लागणं, वारंवार उलटी, एकदम मलूल होणं, यातलं काही दिसलं तर वाट पाहायची नाही. डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेलं अ‍ॅड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं आणि लगेच रुग्णालय गाठायचं. बरं वाटलं तरी जायचं, कारण काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो. अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांनी खाज उतरते, पण श्वास वाचवायला अ‍ॅड्रेनालिनच लागतं. हे मी शेजारच्या दोघींनाही समजावून सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं, आणि एकीनं कागदाचा फोटो काढून घेतला.

१४ जानेवारी, संक्रांत

यंदा संक्रांतीलाच एकादशी आली. म्हणजे निम्म्या घरांत उपासाची खिचडी, आणि खिचडी म्हणजे दाण्याचं कूट. कूट लागलेल्या हातांनीच तिळगूळ दिला जाणार, हे आम्ही धरून चाललो होतो. म्हणून सकाळी लवकर मी आणि सूनबाई जिन्यातल्या प्रत्येक घरी आमच्या वड्यांची बंद डबी देऊन आलो. विनंती एकच केली: ‘‘आमचा छोटा संध्याकाळी येईल. त्याला यातलाच तिळगूळ द्या, हात साबणानं धुऊन. तुमच्या हातून मिळाला की त्याला आनंद होईल.’’

संध्याकाळी तो काळा सदरा घालून निघाला. प्रत्येक दारात वाकून नमस्कार, तळहात पुढे, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, आणि तोंडात वडी. दिवाळीला हाच मुलगा दारातून परत फिरत होता, कारण कुठल्याच ताटाची खात्री नव्हती. वरच्या मजल्यावरच्या काकू ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी डबी उघडण्याआधी त्याच्यासमोर हात धुतले आणि त्याला दाखवले. सूनबाईचे डोळे भरून आले. माझेही आले.

माणसं वाईट नसतात. आपलं मूल काय खाऊ शकतं एवढंच सांगितलं तर ती मदत करतात. आणि काय करायचं ते नेमकं सांगितलं तर आणखी चांगली करतात.

१८ जानेवारी, रविवार

समोरच्या घरातली माहेरपणाला आलेली मुलगी भेटायला आली. तिचं बाळ सहा महिन्यांचं. आमच्याकडचं पाहून ती धास्तावली होती: ‘‘काकू, याला मी शेंगदाणा पाच वर्षं दाखवणारच नाही.’’

तिला बसवून समजावलं. पूर्वी डॉक्टरही असंच सांगत. पण लंडनमधल्या गिडिअन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांच्या दसपट आहे. इस्राएलमध्ये बाळांना दात येण्याच्या वयातच ‘बांबा’ नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरीत खाऊ देतात. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांवर अभ्यास केला. निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाणा, निम्म्यांना पूर्ण वर्ज्य. २०१५ साली निष्कर्ष आले: पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत सुमारे १७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती, खाल्लेल्यांत सुमारे ३ टक्के. त्यानंतर जगभरचा सल्लाच बदलला.

म्हणून तिला म्हटलं, बालरोगतज्ज्ञांना विचार. बाळाला इसब असेल तर आधी तपासून घे, नसेल तर त्यांच्या सल्ल्यानं दाण्याची अगदी मऊ, पातळ पेस्ट लवकरच सुरू कर. अख्खा दाणा मात्र लहान मुलाला कधीच नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. आमच्या घरचा नियम ज्याला अ‍ॅलर्जी झालेली आहे त्याच्यासाठी आहे. निरोगी बाळाला भीतीपोटी दाण्यापासून लांब ठेवणं त्याच्या हिताचं नाही.

२५ जानेवारी, रथसप्तमी

आज बोरन्हाण केलं. यानंतर तो मोठा होईल, म्हणून मला ते करायचंच होतं. बोरन्हाणात मुलाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, हलवा, चुरमुरे आणि भुईमुगाच्या शेंगा ओततात, आणि जमलेली मुलं ते गोळा करून खातात. शेंगा तर अंगावरच ओतायच्या! आम्ही शेंगा वगळल्या. चुरमुरेही भट्टीतले, म्हणून त्यांच्या जागी घरी फोडलेल्या ज्वारीच्या लाह्या. चॉकलेटांच्या जागी आमच्या लिंबाच्या गोळ्या, कागदात गुंडाळून. आलेल्या लहानग्यांच्या आयांना त्या गोळ्या आणि बोरांच्या बिया यांबद्दल आधीच सांगितलं. दागिने आमच्याच हलव्याचे: मुकुट, बासरी, हार, बाजूबंद. काटा झकास आला होता, काळ्या कपड्यावर उठून दिसत होता.

मुलांनी एकच गलका करून सगळं वेचलं. आमचाही त्यांच्यात जमिनीवर पालथा पडून वेचत होता, वेचलेलं सरळ तोंडात टाकत होता, आणि त्याला कुणीही अडवत नव्हतं. ‘हे मला चालतं?’ हा प्रश्न त्यानं आज विचारला नाही.

जाताना आयांनी कृती मागून घेतल्या. एकीच्या भाच्याला अक्रोडाची अ‍ॅलर्जी आहे, तिला मी कुळांचा तक्ताही दिला, त्याच्या डॉक्टरांना दाखवून घे असं सांगून.

घरात आम्ही निभावलं, कारण वेळ होता, ऐपत होती आणि हाताशी माणसं होती. ज्या घरात दोघंही दिवसभर कामावर असतात, त्यांनी दुकानातूनच खाऊ आणावा आणि तो निर्धास्तपणे मुलाला द्यावा, असं व्हायला हवं. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी ती तारीख लावायचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आला आणि दुकानदारांना तो जमला. त्याच पाटीवर आणखी एक ओळ बसते: यात दाणे, काजू, बदाम, पिस्ता आहेत की नाहीत, आणि ती त्याच कढईत, त्याच चाकूनं झाली आहे का. आमच्या गल्लीतल्या मिठाईवाल्यांना मी आज हे बोलले. त्यांनी पुढच्या आठवड्यात चार प्रकारांपासून सुरुवात करतो म्हटलं आहे. पाट्या मी लिहून देणार आहे. आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाला पाठवायचं पत्र टेबलावर तयार आहे. त्यात सुट्या मिठाईसाठी ही ओळ सक्तीची करा आणि अ‍ॅलर्जीच्या यादीत तीळही घ्या, अशा दोन मागण्या आहेत. सूनबाईची, मुलाची आणि शेजारच्या दोघींची सही झाली आहे. उद्या पोस्टात टाकते.